चौथीची विनंती

चौथीच्या बाईंना नकाशाचं वेड होतं. बाकीच्या बाई वर्ग सजवायचा म्हटलं की भिंतीवर फुलपाखरं नि फळं चिकटवून मोकळ्या व्हायच्या. यांनी वर्गाची अख्खी मागची भिंत जगाच्या नकाशाने झाकून टाकली होती. त्यामुळे त्या वर्षी वेळापत्रकात ‘आपण आणि जग’ असा नवा विषय आला, तेव्हा तो कोणाच्या गळ्यात पडणार हे शिक्षकांच्या खोलीत कोणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांनी एकदा चौथीच्या बाईंकडे पाहिलं आणि आपापला चहा पुढे ओढला.

विषय तसा चांगला होता. शाळा ख्रिस्ती, त्यामुळे गरिबांची कणव वगैरे गोष्टी मुलांना पहिलीपासून तोंडपाठ. पण कणव वेगळी आणि न्याय वेगळा, हे त्यांना कोणी फोड करून सांगितलेलं नव्हतं. बाईंनी ते मनावर घेतलं, आणि बाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्याची धडगत नसे. चॉकलेट कुठे पिकतं, पिकवणाऱ्याच्या घरात ते कोणी चाखलंय का, बाजारात भाव कोण ठरवतो, असं सगळं त्यांनी मुलांच्या डोक्यात भरवलं. एका आईने शाळेत येऊन तक्रार केली की घरात बिस्किटाचा पुडा फोडायची चोरी झाली आहे, कार्टं आधी विचारतं हे बनवणाऱ्याला पगार किती. बाईंनी तोंडाने माफी मागितली आणि मनातून त्या दिवसभर खूश होत्या.

मग कपड्यांचा धडा आला. घरातल्या कपड्यांच्या मानेमागची पट्टी वाचून यायचं, तो देश नकाशावर शोधायचा, तिथे टाचणी टोचायची आणि टाचणीपासून आपल्या गावापर्यंत दोरा ताणायचा. हां हां म्हणता नकाशावर दोऱ्यांचं जाळं झालं. बाईंनी मग एका दूरच्या देशातल्या कारखान्याची हकिगत सांगितली. बायका आत शिवत बसलेल्या, दार बाहेरून बंद, आणि आग लागली. पुढचं त्यांनी थोडक्यात आटोपलं, कारण मुलं लहान होती आणि त्यांचा स्वतःचाही आवाज कापायला लागला होता. ‘अशा वेळी ज्याला बोलता येतं त्याने बोलायचं असतं,’ असं म्हणून त्यांनी धडा संपवला.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, आपल्या गणवेशाचा दोरा कुठे न्यायचा? पट्टीवर तर नुसतं शाळेचं नाव आहे.

“तो माझी आई शिवते,” बटण म्हणाली.

ही पोरगी बुटकी, गोल आणि दोन्ही खिशांत कायम बटणं. आई कामावरून फुटकी बटणं आणायची, ती मधल्या सुट्टीत खेळायला सगळ्यांना पुरायची. तिचं पाळण्यातलं नाव हजेरी घेतानाच काय ते ऐकू यायचं.

“बाजारामागच्या तळघरात,” ती पुढे म्हणाली. “तिचं पण दार बाहेरून बंद करतात. कुलूप लावून. संध्याकाळी उघडतात.”

तिच्या बोलण्यात गाऱ्हाणं नव्हतं. आपली आई धड्यात आली याचाच तिला आनंद झालेला दिसत होता. बाईंच्या हातातली टाचणी हातातच राहिली. ‘बरं, बघू या,’ असं त्या म्हणाल्या, म्हणजे काय बोलावं ते सुचत नसलं की शिक्षक जे म्हणतात ते, आणि त्यांच्या नशिबाने घंटा झाली.

आता पंचाईत अशी होती की त्या शुक्रवारी विनंत्यांची पाळी चौथीची होती.

दर शुक्रवारी सभागृहात सगळी शाळा प्रार्थनेला जमायची आणि एका वर्गाची मुलं पुढे येऊन देवाला विनंत्या करायची. प्रत्येक विनंतीनंतर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘प्रभो, आमची विनंती ऐक.’ शाळा काढणाऱ्या जुन्या सिस्टरांनी तेव्हाच नियम घालून दिला होता की विनंती मुलाने मनाने करायची, कागद नाही, घोकंपट्टी नाही, आणि शिक्षकांनी तिला हात लावायचा नाही. या नियमापायी देवाला आजवर काय काय ऐकावं लागलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. मांजर बाळंत होऊ दे, गणिताचे सर आजारी पडू देत, पण फार नको. एकाने तर बापाचं घोरणं थांबावं म्हणून अख्ख्या शाळेला विनवणी करायला लावली होती, आणि बाप समोरच बसलेला. शेवटची विनंती तेवढी वर्गशिक्षकांची असे. शाळेला मदत करणाऱ्या सगळ्यांचं भलं होवो, अशी ती ठरलेली होती.

मदत करणारे पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसत. त्यांच्यात गणवेशवाले असत. बाजारामागचं तळघर त्यांचंच. माणूस वाईट म्हणावा तर तसं नाही. बोलणं मऊ, प्रार्थनेला कधी चुकायचे नाहीत, जाता-येता मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. सभागृहाचं छप्पर गळायला लागलं तेव्हा पत्रे त्यांनीच घालून दिले होते. त्या पत्र्याखाली बसून त्यांच्याबद्दल वावगं बोलायला कोणाची जीभ रेटणार?

बाईंनी दुसऱ्या दिवशी पाच मुलं निवडली आणि काय मागणार ते नुसतं विचारून घेतलं. बटण म्हणाली, “आईच्या दाराचं कुलूप निघू दे.”

म्हणजे हे शुक्रवारी गणवेशवाल्यांच्या तोंडावर म्हटलं जाणार. तसं झालं तर संध्याकाळच्या आत बटणच्या आईच्या हातात नारळ पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि पोरीला गप्प केलं तर वर्षभर जे शिकवलं ते बाईंनी आपल्याच हाताने पुसल्यासारखं होणार. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. दोन तास उलटसुलट विचार करून त्यांनी चपला घातल्या आणि बटणचं घर विचारत निघाल्या.

घर म्हणजे बाहेरून जिना असलेली वरची एक खोली. बटणची आई खाली बसून शर्टांचे सुटे दोरे कातरत होती. ते काम घरी आणायचं असे. बाईंना पाहून ती उठली, एकुलती खुर्ची पुसून तिने पुढे केली आणि बटणला कोपऱ्यावरून साखर आणायला पिटाळलं. बाईंनी शुक्रवारचं सांगितलं. ती ऐकत गेली तशी तिच्या हातातली कातर थांबली.

“माझ्या पोरीच्या तोंडून नको,” ती म्हणाली. “तिच्या तोंडून गेलं की माझं काम गेलं. मग तिला तुमच्या शाळेत धाडणार कोण?”

बाई म्हणाल्या, तसं असेल तर मी तिला नको म्हणून सांगते, काळजी करू नका. विषय तिथेच मिटायला हरकत नव्हती. पण आईने कातर खाली ठेवली.

“दार उघडं पाहिजे हो आम्हाला. नको कसं असेल? मागे एकीला घेरी आली, तर आम्ही आतून शटर बडवतोय. बाहेर ऐकू जाईपर्यंत आमचा जीव गोळा. पण बोलायचं कोणी? आम्ही बोललो तर घरी. पोर बोलली तरी घरी.” तिने बाईंकडे पाहिलं. “तुम्हाला येतं बोलायला. तुम्ही तर शिकवताच ते.”

तिने टोमणा मारला असता तर बाईंनी तो झटकून टाकला असता. पण ती साधं म्हणाली, म्हणून ते जिव्हारी लागलं. एक गोष्ट मात्र तिने दोनदा बजावली: माझं नाव यायला नको आणि पोरीचंही.

यातून वाट काढायची तर जे सांगायचं ते स्वतः पाहिलेलं असायला हवं, म्हणजे कोणी सांगितलं हा प्रश्नच उरत नाही. बाई दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तळघरावर गेल्या. वर्गातल्या एका जाड्या मुलाची चड्डी कमरेत बसत नाही, नमुना दाखवायचाय, असं निमित्त होतं. चड्डी खरोखरच बसत नव्हती, तेवढंच मनाला बरं.

तळघराच्या पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर डबा उघडून जेवत होते. गळ्यातल्या दोरीला किल्ली. आतल्या बायका त्यांना किल्लीवाले काका म्हणत, हे बाईंना नंतर कळलं. त्यांनी हात पुसून कुलूप काढलं, शटर वर ढकललं आणि आतून कोंडलेली गरम वाफ बाहेर आली. खाली दाटीवाटीने शिलाईयंत्रं, भिंतीला खिडकी नाही, वाटेत कापडाचे ढीग. एकदोघी मान वर करून उघड्या दाराकडे बघत राहिल्या, बाईंकडे नाही. बटणची आई कोपऱ्यात काजं करत होती. तिने बाईंना ओळख दाखवली नाही, बाईंनीही नाही.

नमुना देऊन वर आल्यावर बाईंनी विचारलं, काका, हे बंद कशाला ठेवता?

“मालकांचा हुकूम,” काका म्हणाले. “कापड जातं म्हणतात. जातबीत काही नाही. मला घरी जाऊन जेवायची मुभा आहे, पण मी आपला इथेच बसतो. किल्ली घेऊन लांब जायला मन होत नाही.”

त्यांनी पुन्हा कुलूप लावलं, ते नीट बसलं का ओढून पाहिलं आणि डब्याशी बसले. बाईंनी त्यांचे आभार मानले आणि शाळेत परत आल्या. येतायेताच त्यांनी सगळं ठरवून टाकलं.

शेवटची विनंती आपली असते, ती आपण बदलायची. बटणला वेगळं काही म्हणायला लावायचं, म्हणजे तिच्यावर कोणाची नजरच जायला नको. बेत चोख होता. फक्त त्यात जुन्या सिस्टरांचा नियम मोडत होता, आणि बाईंनी तो फार विचार न करता मोडला. त्यांनी बटणला व्हरांड्यात घेतलं आणि सांगितलं की तू उद्या जगातल्या समस्त श्रमिकांसाठी विनंती कर.

“पण मला ते माहीत नाहीत,” बटण म्हणाली.

“नकाशावर पाहिले ना आपण?”

“टाचण्या पाहिल्या.”

बाईंनी तिला समजावलं की आई पण श्रमिकच आहे, म्हणजे तीसुद्धा त्यात आलीच. बटणला ते पटलेलं दिसलं नाही, पण चौथीतलं मूल बाईंशी किती वाद घालणार? तिने मान हलवली आणि ते वाक्य पाठ करून टाकलं.

शुक्रवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मंडळी बसली, गणवेशवाले मधोमध. एका मुलाने हरवलेल्या सायकलसाठी विनंती केली, एकीने आजोबांच्या डोळ्यांसाठी. बटण पुढे आली आणि तिने जगातल्या समस्त श्रमिकांची विनंती एका सुरात, कुठेही न थांबता म्हणून टाकली. गणवेशवाल्यांनी कौतुकाने मान डोलावली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांची पाळी आली.

“आपल्या अंगावरचा गणवेश बाजारामागच्या तळघरात शिवला जातो,” त्या म्हणाल्या. या वेळी आवाजाने दगा दिला नाही. “तिथे कामाच्या वेळात बायकांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. मी काल स्वतः जाऊन पाहिलं. ते कुलूप निघावं, म्हणून प्रार्थना करू या.”

“प्रभो, आमची विनंती ऐक,” सगळी शाळा म्हणाली. मुलांना काय, थांबलं की म्हणायचं, हे अंगवळणी पडलेलं. गणवेशवाल्यांच्याही अंगवळणी पडलेलं होतं. मोठ्या आवाजात, सगळ्यांच्या बरोबरीने तेही म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला.

प्रार्थना संपल्यावर मुख्याध्यापिका सिस्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. या सिस्टर म्हणजे कमी बोलणारं माणूस. समोरच्याला बोलू द्यायचं आणि शेवटी एकच वाक्य टाकायचं. गणवेशवाल्यांनी आधी भर सभेत अपमान झाला म्हणून बोलून घेतलं. मग हिला कोणी भरवलं ते कळलं पाहिजे म्हणाले. बाईंनी शांतपणे सांगितलं की भरवलं कोणीच नाही, चड्डीचा नमुना घेऊन गेले होते, तेव्हा माझ्यादेखत कुलूप काढलं नि माझ्यादेखत लावलं.

“आग लागली तर?” सिस्टरांनी विचारलं.

गणवेशवाल्यांनी घाम पुसला. ते म्हणाले, “मला खरंच कल्पना नव्हती, सिस्टर. मी सारखा खाली जात नाही. तो म्हातारा आपल्या मनाने करत असणार. मी बघतो त्याच्याकडे. आजच कुलूप काढायला लावतो.”

बाईंना ठाऊक होतं की हे खोटं आहे. हुकूम कोणाचा ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण त्या क्षणी त्यांच्या मनात एवढंच होतं की कुलूप निघतंय आणि बटणच्या आईचं नाव कुठेही आलेलं नाही. छातीवरची धोंड उतरली. त्या गप्प राहिल्या.

गणवेशवाले गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, “त्या मुलीची विनंती तुम्ही बदललीत का? चौथीतलं मूल ‘समस्त श्रमिक’ म्हणत नाही.” बाईंनी खाली पाहून हो म्हटलं. सिस्टरांनी मान हलवून त्यांना वर्गावर पाठवलं. बाईंना वाटलं, एवढ्यावर निभावलं. शनिवार-रविवार त्यांनी आनंदात घालवला. नकाशावर गणवेशाचा दोरा कुठून कुठे न्यायचा, त्यासाठी गावाचा वेगळा मोठा नकाशा काढायचा, असलं कायकाय त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच बटण वर्गात येऊन बसली होती. बाई आत आल्या तशी ती उठून टेबलाशी आली.

“आईचं दार उघडं असतं आता,” ती म्हणाली. “शटर पूर्ण वर. वारा येतो म्हणाली.”

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिचा गालगुच्चा घेतला आणि आई कशी आहे, कोणी काही बोललं का, असं विचारलं. आई ठीक होती, तिला कोणी काही बोललं नव्हतं. बटण मात्र जागची हलेना. खिशातली बटणं वाजवत उभी.

“किल्लीवाल्या काकांना काढून टाकलं,” ती म्हणाली. “मालक सगळ्यांसमोर त्यांना ओरडले. तुम्ही कोंडलंत बायकांना, म्हणाले. काका काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, मागे त्या एकीला घेरी आली होती ना, तेव्हा काकाच धावत आले होते.”

बाई खुर्चीत बसल्या. सिस्टरांची खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली, घाम पुसणारे गणवेशवाले, आणि आपण तिथे मिटून घेतलेलं आपलं तोंड. एक वाक्य बोलायचं होतं. ‘मालकांचा हुकूम आहे असं त्यांनी मला सांगितलं,’ एवढंच. वर्षभर पोरांना शिकवलेलं स्वतः बोलायची वेळ आली, तर त्यांनी अर्धंच बोलून उरलेलं गिळलं होतं, आणि ते ज्याच्या गळ्यात पडलं तो सगळ्यांत गरीब होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली.

“आता काकांसाठी विनंती कोण करणार?” बटणने विचारलं. “आपली पाळी तर संपली.”

“पाळीची वाट कशाला बघायची,” बाई म्हणाल्या. “मी आत्ताच सिस्टरांकडे जाते. काकांनी मला काय सांगितलं होतं ते मी शुक्रवारी बोलले नाही. ते सांगायचं राहिलंय.” त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. “मी तुझी विनंती बदलायला नको होती, बटण. चुकलं माझं. तिथे फक्त सिस्टर असतील, दुसरं कोणी नाही. आत्ता तू येतेस, की मी एकटी जाऊ? तुझ्या मनाने सांग.”

बटणने विचार केला. चांगला वेळ घेऊन केला. घंटा झाली, मुलं आत यायला लागली.

“मी येते,” ती म्हणाली. “पण काय बोलायचं ते मला सांगू नका.”

“नाही सांगणार,” बाई म्हणाल्या, आणि तिला पुढे चालू दिलं.